पहिलटकरांची सुईण

मावशी दुसरं पुस्तक कधी काढत नसत. कवी पहिला संग्रह घेऊन आला की त्याला चहा, खुर्ची आणि चार शिव्या मिळत. दुसरा घेऊन आला की नुसता चहा. "आता तू मोठा झालास बाबा, मोठ्या घरी जा," असं म्हणून त्या त्याला वाटेला लावत. शहरातले लिहिणारे त्यांना पाठीमागे 'पहिलटकरांची सुईण' म्हणायचे. ते मावशींच्या कानावर आलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना आवडलंही होतं.

प्रकाशन म्हणजे चष्म्याच्या दुकानामागच्या दोन खोल्या, आणि घरही तेच. पुढच्या खोलीत मावशी, टेबल आणि न विकलेली पुस्तकं. मागच्या खोलीत त्यांचा थोरला भाऊ, खळीचं भांडं आणि बांधायची राहिलेली पुस्तकं. दादा बाइंडर होता. बहिणीनं छापून आणलेले फर्मे तो शिवायचा, आणि हात चालू असेपर्यंत तोंडही चालू ठेवायचा. "कविता म्हणजे अर्धं पान कोरं. कोऱ्या कागदाला गिऱ्हाईक कुठून येणार?" हा त्याचा नेहमीचा सवाल. मावशी पुढचा फर्मा त्याच्यापुढे सरकवत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढून कंटाळा आला, म्हणून स्वतःच्या करायला घेतल्या, असं त्या सांगायच्या.

त्यांची एक रीत होती. पुस्तक छापायचं ठरण्याआधी कवीनं समोर बसून सगळ्या कविता मोठ्यानं वाचायच्या. मावशी डोळे मिटून ऐकत. वाचता वाचता कवी कुठं घाई करायला लागला की त्या टेबलावर टकटक करत. "इथं तू पळतोयस. म्हणजे इथं खोटं आहे." कवी चिडायचे, रडायचे, एक तर वही फेकून निघूनच गेला होता. पण ओळ बदलून परत यायचे. आपल्या पुस्तकावर एवढा जीव टाकणारं दुसरं कुणी भेटणार नाही, हे त्यांना कळत असावं.

आणि मावशींची एक इच्छाही होती. पहिल्या कवितासंग्रहाला मिळणारं एक पारितोषिक होतं. कवींचे सत्कार पुष्कळ होतात, प्रकाशकाला कोण विचारतो? पण या पारितोषिकात कवीच्या शेजारी प्रकाशकाचीही खुर्ची मांडत आणि दोघांचं नाव एका दमात पुकारत. त्या खुर्चीवर एकदा बसायचं, बस्स. मावशी दरवर्षी पुस्तकं पाठवत आणि दरवर्षी समारंभाला जाऊन मागच्या रांगेत टाळ्या वाजवून येत.

मग मोजणीवाला आला. जमिनी मोजायच्या खात्यात कामाला होता, म्हणून त्याला मोजणीवाला म्हणायचे. भांडणाऱ्या भावांमधून साखळी ओढत नेणं, एकाचं झाड दुसऱ्याच्या हद्दीत निघणं, त्या झाडाखाली दोघांची आई बसलेली असणं, असल्या त्याच्या कविता. पहिल्या वाचनात मावशींनी पुष्कळ वेळा टकटक केली. तिसऱ्या वाचनात त्यांचा हात टेबलावर नुसता पडून राहिला. वाचून झालं तेव्हा मागच्या खोलीतून दादा म्हणाला, "ते झाडाचं परत वाच रे." तोच दादा, कोऱ्या कागदाचा!

पुस्तक निघालं. खपलं मात्र नाही, कारण कवितेचं पुस्तक खपत नसतं. पारितोषिकाला, परीक्षणाला आणि ग्रंथालयांना पाठवायच्या प्रती बांधून मावशी पोस्टात निघाल्या, तर मोजणीवाल्यानं गठ्ठा हातातून काढून घेतला. "एवढं ओझं तुम्ही कुठे नेता मावशी? माझी वाट तिकडूनच आहे." पोरगा गुणाचा, असं मावशींना वाटलं. त्या वर्षी यादीत पुस्तकाचं नाव कुठंच आलं नाही. परीक्षणही आलं नाही. त्यांनी नशिबाला बोल लावला, पोस्टाला लावला, परीक्षकांना तर चांगलाच लावला.

काही महिन्यांनी तोच एका टेम्पोवाल्याला घेऊन आला. "मावशी, आमच्या खात्यातल्या सगळ्यांना पुस्तक हवंय. असतील तेवढ्या प्रती द्या." तो भराभरा बोलत होता, मावशींच्या नजरेला नजर देत नव्हता. एरवी त्यांनी टेबलावर टकटक केली असती. पण एवढ्या वर्षांत त्यांचं एकही पुस्तक संपलं नव्हतं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे! त्यांनी कपाटातल्या काढल्या, खाटेखालच्या काढल्या. शेवटी "माझ्या मास्तरांना एक कमी पडतेय हो," म्हणाला, तेव्हा आपली स्वतःची प्रतसुद्धा काढून दिली. त्या दिवशी त्यांनी चष्म्याच्या दुकानात पेढे वाटावे तशी बातमी वाटली: आवृत्ती संपली!

पुढच्या वर्षी एका सकाळी दादा खळीच्या भांड्याखाली जुनं वर्तमानपत्र पसरत होता. एकदम थांबला.

"अगं, इकडे ये. ही ओळ मी शिवलीय."

पारितोषिक जाहीर झालं होतं. चौकटीत चार ओळी नमुन्यादाखल छापल्या होत्या, त्याच झाडाखालच्या आईच्या. खाली मोजणीवाल्याचं नाव, कधी न ऐकलेलं पुस्तकाचं नाव, आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या प्रकाशनाचं नाव. त्यावर लिहिलं होतं, 'कवीचा पहिलाच संग्रह'.

मावशी खुर्चीवर बसल्या. "छपाईची चूक असेल," त्या म्हणाल्या.

"गरज सरो, वैद्य मरो," दादा म्हणाला. "यात छपाईची चूक नाही."

त्यांनी मोजणीवाल्याला फोन लावला. तो दचकला नाही, याचंच त्यांना जास्त लागलं.

"मावशी, मी येऊन सांगणारच होतो. त्यांना कविता आवडल्या, पण म्हणाले, पहिलं पुस्तक असतं तर पारितोषिकाला पाठवलं असतं. मग काय करू? आपलं ते पुस्तक वाचलं होतं कुणी?"

"मी वाचलं होतं."

"तुम्ही सोडून हो."

"अरे, दुसरं लिहायचं होतंस. मी स्वतः तुला त्यांच्या दारात नेऊन सोडलं असतं."

"दुसरं होत नाहीये, मावशी." मग म्हणाला, "आणि तुमचं नुकसान काय झालं? सगळ्या प्रती मीच घेतल्या की."

मावशींनी फोन ठेवला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे. त्यांना त्याच्या यशाचं दुःख नव्हतं. त्या कविता चांगल्या होत्या, मान मिळायलाच हवा होता. पण आपण कानांत प्राण आणून ऐकलेलं, दादानं हातानं शिवलेलं पुस्तक कधी जन्मलंच नाही म्हणे. हे त्या कशा गिळणार?

पारितोषिकाच्या कचेरीतले चिटणीस त्यांना मागच्या रांगेतल्या बाई म्हणून ओळखत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आधी पुस्तक निघालं असेल तर हे पारितोषिक रद्द होईल, बाई. नियमच आहे. तुम्ही फक्त एक प्रत आणून द्या. तुमचं नाव आणि साल छापलेली. फाटकी असली तरी चालेल."

"त्यात काय, आत्ता आणते," मावशी म्हणाल्या.

घरी येऊन त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना टेम्पो आठवला. मास्तरांसाठी कमी पडलेली प्रत आठवली. त्यानं हातातून काढून घेतलेला पोस्टाचा गठ्ठा आठवला. एकेक आठवत गेलं आणि त्या खाली फरशीवर बसल्या. आवृत्ती संपली, संपली म्हणून आपण नाचलो. तो ती संपवत होता.

"एकही नाही?" दादानं विचारलं.

"कुणाकडे असणार? विकलं कुठं होतं?"

मग त्यांना त्याची आई आठवली. पुस्तक हातात आल्या आल्या पहिली प्रत त्यानं आईला नेऊन दिली होती, आणि तेव्हा मावशीही त्याच्याबरोबर होत्या. आईची प्रत कुणी परत मागत नाही.

दुपारी मावशी गेल्या तेव्हा ती घरात एकटीच होती. डोळ्यांनी तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं, पण आवाज लगेच ओळखला. "मावशी ना तुम्ही? या, या. पोराला केवढा मोठा मान मिळाला! तुमच्यामुळेच हो." तिला नवीन पुस्तकाचं काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी पुस्तक एकच होतं.

"ते पुस्तक जरा बघू का?" मावशींनी विचारलं.

तिनं उशीजवळून पुस्तक काढलं. वर जाड रेक्झिनचं कव्हर होतं. "मागच्या महिन्यातच त्यानं नेऊन चांगलं बांधून आणलं. हाताळून हाताळून खराब होतं म्हणाला. लागत असेल तर घेऊन जा तुम्ही. तुमचंच आहे."

मावशींनी पुस्तक उघडलं. जुनं कव्हर गेलं होतं. नाव, प्रकाशन आणि साल असलेलं पहिलं पानही गेलं होतं. मुळापासून, पट्टी लावून, धारदार पात्यानं कापलेलं. कविता सगळ्या जागेवर होत्या. स्वतःच्या आईच्या उशाजवळचं पुस्तक नेऊन त्यानं हे केलं होतं.

त्यांच्या तोंडाशी शब्द आला. आंधळ्या होत चाललेल्या आईला तिच्या लेकाचा पराक्रम सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"पहिल्या पानावर तुमचं नाव होतं ना, मोठ्या अक्षरात?" म्हातारी हसत होती. तिनं हात पुढे केला. "मला दिसायचं तेव्हा मी रोज वाचायची. आता ठेवा बघू माझं बोट त्याच्यावर."

मावशींनी तिचं बोट हातात घेतलं. थोडा वेळ तसंच धरून ठेवलं. मग पहिल्या कवितेच्या मथळ्यावर ते टेकवलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "इथं आहे."