फाटकाचा सौदा

उद्यान समितीच्या अध्यक्षांनी आमच्या गावच्या पोरांना फसवलं. नदीकाठच्या उद्यानासाठी मी माझ्या शेताची कडेची पट्टी दिली, ती एकाच बोलीवर: आमच्या जिल्हा परिषद शाळेची पोरं दर शनिवारी तिथे शिकायला येतील. अध्यक्षांनी भर ग्रामसभेत हो म्हटलं. उद्यान झालं, जाळी लागली, फाटकाला कुलूप बसलं. आणि पहिल्याच शनिवारी राखणदाराने माझ्या नातीचा चौथीचा वर्ग बाहेरूनच परत पाठवला. म्हणे, शहरातल्या शाळेचं शिबिर आहे. नात घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली.

धाड गावच्या बाजारात उन्हातान्हात उभी राहून, शेळ्या विकून मी ते शेत घेतलंय. शब्द फिरवणाऱ्याला मी पुन्हा दारात उभं करत नाही. पण नातीचं तोंड पाहवेना.

पुढच्या शनिवारी पोरांना आणि त्यांच्या बाईंना मी माझ्याच शेतातून नदीत उतरवलं. पाणी घोट्याएवढं. नदीची रुंदी मोजायचं बाईंनी ठरवलं, मी शेळ्यांचे दोर दिले. पोरांनी ते एकमेकांना बांधले. मध्येच गाठ सुटली, ओढणारे धपकन पाण्यात बसले, आणि गाठ कोणाची यावर जोरदार भांडण लागलं.

जाळीपलीकडे शिबिराची मुलं रांगेत उभी राहून फलकावरचा खेकडा बघत होती. आमच्या एका पोरीने दगडाखालचा जिवंत खेकडा वर धरला. रांग मोडली, सगळी जाळीला चिकटली.

शिबिराचे सर आले. "मावशी, आमच्या मुलांना तिकडे येऊ द्या ना."

"येऊ द्या की. फाटक खोला. तुमचे इकडे, आमचे तिकडे."

"अध्यक्षांना विचारावं लागेल."

"इचारा."

त्यांनी फोन लावला. "आजच्यापुरतं चालेल म्हणतात."

"दर शनिवारी."

"महिन्यातून एकदा?"

"पोरांनो, दोर गुंडाळा. चला घरी!"

मी पाठ फिरवली. मागे जाळीपलीकडे एका मुलीने भोकाड पसरलं, मग दुसरीने. सर कानाचा फोन न काढता ओरडले, "दर शनिवारी! हो म्हणाले, दर शनिवारी!"

"मंग कुलूप काढाले सांगा."

कुलूप निघालं. शहरातल्या मुलांनी दोराचं एक टोक धरलं, आमच्यांनी दुसरं, आणि नदी एकदाची मोजून झाली.

नात ओल्या फ्रॉकने येऊन मला बिलगली. "का वं आजी, तू खरंच घरी चालली होती काय?"

"हाव. पण हळूहळू."

तेव्हापासून दर शनिवारी आमची पोरं त्या फाटकातून ताठ मानेने जातात. अध्यक्ष मात्र गावाकडे फिरकलेले नाहीत. फाटक मी उघडायला लावलं, त्यांनी उघडलं नाही, एवढं सगळ्यांना माहीत असू द्या. आता त्यांनी पुढच्या ग्रामसभेत यावं, चौथीच्या वर्गासमोर उभं राहावं आणि सांगावं: या पोरांना शब्द दिल्यावर ते कुलूप कोणाच्या हुकमाने लागलं?