कोरडा धूर

गोदावरीला पूर होता, पुलाकडं जायचा रस्ता पाण्याखाली गेला होता. कळा सुरू झालेली एक बाई आणि तिची सासू यांना घेऊन आम्ही गंगाखेडकडं निघालो होतो. बोट मेहुणा चालवत होता. मी मिस्त्री म्हणून सोबत होतो.

मधोमध आल्यावर जळक्या रबराचा वास आला. या बोटीचं इंजिन आतल्या बाजूला असतं, आणि त्याला गार करणारं पाणी धुराबरोबर मागून बाहेर पडतं. मी वाकून पाहिलं, तर नुसताच कोरडा धूर येत होता.

"इंजिन बंद कर," मी म्हणालो.

"दाजी, वाहून जाऊ की!"

"चालू ठेवलं तर पेट घेईल."

इंजिन थांबलं आणि बोट पुलाच्या खांबांकडं सरकायला लागली. बाई कण्हत होती. धुराचा लोखंडी पाइप लय तापला होता. ओलं गोणपाट धरून मी त्याला जोडलेली पाण्याची नळी सोडवली. तिच्या तोंडाशी गाळ घट्ट बसला होता. तो पेचकसानं उकरला, नळी परत बसवून आवळली.

"मार आता!"

दुसऱ्या खेपेला इंजिन सुरू झालं. मागून धुरासंगं पाणी फसकन उडालं.

"पाणी आलं!" मी ओरडलो.

सासूनं घाबरून सुनेकडंच पाहिलं.

काठावर अँब्युलन्स उभी होती. दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात तिला मुलगी झाली.