दादाच्या अक्षरातली कार्डं

माझ्या पीएच.डी.चा विषय ऐकला की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघत आणि मग पावसापाण्याचं काढत. आत्महत्या: तत्त्वज्ञांची मतं आणि नामवंतांची मरणं. कॉलेजातल्या तेलुगूच्या मॅडम तर म्हणाल्या, "अय्यो, दुसरं काही मिळालंच नाही का तुम्हाला?" माझं डोकं फिरायचं. बोंडअळीवर पीएच.डी. करणाऱ्याला कुणी अळी समजतं का? पण खरं सांगते, त्या दोन वर्षांत मला एका जागी धड बसता येत नव्हतं. वाचायला बसले की उठून गॅस बंद आहे का ते बघायची.

मी कार्डांवर काम करते. एका कार्डावर एक विचार, आणि खाली संदर्भ: कोण, कुठलं पुस्तक, कितवं पान. संदर्भ नाही तर कार्ड बाद. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून कार्डं दादा लिहायचा. माझा थोरला भाऊ. तहसील कचेरीत पहाण्या, म्हणजे जमिनीचे उतारे, उतरवता उतरवता त्याचं अक्षर मोत्यासारखं झालेलं. रिटायर झाला, पाठोपाठ वहिनी गेली, आणि तामसी गावच्या आमच्या घरात तो एकटा राहिला. तेवढाच त्याला विरंगुळा, असं मी सगळ्यांना सांगायची. खरं म्हणजे मला फुकटात लेखनिक मिळाला होता. दर गुरुवारी तो बसने यायचा, लिहिलेली कार्डं द्यायचा, मी पेन्सिलने खुणा केलेली पुढची पुस्तकं पिशवीत घालायचा आणि जायचा.

आणि त्या खुणा कसल्या! कुणी ग्रीक म्हणतो, नेमलेली जागा सोडून पळू नये. कुणी रोमन म्हणतो, दार उघडंच आहे, धूर फार झाला तर निघा. जर्मन पंडित बजावतो की माणसाने स्वतःला वस्तूसारखं वापरू नये. आमच्या बौद्ध परंपरेत पहिलं शीलच जीव न घेण्याचं, तरी व्याधीने गांजलेल्या भिक्खूंच्या कथांवर अभ्यासक अजून भांडतात. नामवंतांचं तर विचारूच नका. कवी गेला की चरित्रकार त्याच्या शेवटच्या वर्षातली प्रत्येक ओळ पुरावा म्हणून मांडतो. शेजारी काय म्हणाले, ते मात्र कुणी लिहून ठेवत नाही. यावर माझं एक अख्खं प्रकरण होतं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

मार्चमधल्या एका गुरुवारच्या गठ्ठ्यात एक कार्ड निघालं: "जेवण झालेल्या माणसाने पानावर बसून राहू नये. मागे माणसे उभी आहेत." खाली संदर्भ नाही.

मी तडकलेच. "दादा, हे कुणाचं हाय? खाली काहीच नाही लिहिलं!"

"राहून गेलं असन," तो म्हणाला आणि चपला घालायला लागला.

"राहून गेलं म्हणजे? माहे दोन दिवस जातीन आता पुस्तकं उलथण्यात!"

त्याने पिशवी उचलली. दोन नाही, चार दिवस गेले. सापडेना. शेवटी नांदेडला माझ्या गाईडना फोन केला. ते म्हणाले, "वा! मेजवानीची उपमा. नक्की रोमन असणार, शोधा." मी आणखी शोधत बसले. कार्डावर लाल पेनाने मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या गुरुवारी ते दादाच्या हातात परत दिलं. 

त्याच रविवारी एका सहकाऱ्याच्या घरचं लग्न होतं. हॉलमध्ये टेबलावर पंगत बसलेली, आणि आपल्याकडची ती सवय: तुमचं वरण संपायच्या आत पुढचा माणूस तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. माझ्या मागेही एक बाई उभ्या होत्या. मी भाताचा घास तोंडाकडे नेला आणि हात तिथेच थांबला. रोमात कुठली आली पंगत? तिथले लोक आडवे पडून जेवत. पानावर बसणारी, मागे ताटकळत उभी राहणारी माणसं आमची होती. आमच्या घरची! ते वाक्य कुठल्या पुस्तकातलं नव्हतंच, दादाचं होतं.

फोन लावला. उचलला नाही. परत लावला. भर दुपारी स्कूटी तामसीकडे काढली. वाटेत काय दिसलं ते मला सांगता येणार नाही, मी मोठ्याने बडबडत होते एवढं आठवतं.

दादा ओसरीवर बसला होता. फोन आत चार्जिंगला. मला एवढा संताप आला, आणि एवढं बरं वाटलं, की मी चपलांसकट ओसरीवर चढले.

"काऊन वं बाई, काय झालं?"

दोन वर्षं ज्यावर रोज वाचत-लिहीत होते, ते पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडाने विचारलं.  "दादा, तुले मरावं वाटून राह्यलं का?"

 "हो," तो म्हणाला.

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"लिहून देल्लं होतं ना. वाटलं, ही वाचन अन् इचारन." त्याच्या आवाजात राग नव्हता. "तू वाचलं. पर चूक काढली."

मला रडू आवरेना. माफी मागितली, त्याने हातानेच राहू दे म्हटलं. त्या दिवशी त्याला एकटं सोडलं नाही, घरी आणलं. सकाळी जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे नेलं. "तुह्यं काम थांबन," तो कुरकुरला. थांबू दे म्हटलं.

डॉक्टरांनी त्याला एकट्यालाच आत बोलावलं. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. दाराआडून दादाचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते, पण आवाज थांबत नव्हता. वर्षभर माझ्याशी चार वाक्यं न बोललेला माझा भाऊ एका अनोळखी माणसाशी बोलत होता, बोलतच होता. पाऊण तास झाला. रांगेतल्या कुणीतरी विचारलं, "अजून किती वेळ?" मी म्हटलं, "लागू द्या."