दगडावरचा एकोणीस

माझा मामा थडग्यांचे दगड कोरायचा. गावातल्या प्रत्येकाचं शेवटचं काम त्याच्याकडे यायचं, त्यामुळे लोक त्याच्याशी जरा जपूनच बोलत. मी त्याची भाची. विसाव्या वर्षापासून मी त्याला कागदावर अक्षरं आखून द्यायचे, आणि जपून अजिबात बोलायचे नाही.

आमच्या धंद्यात एक सोयीची रीत होती. नवरा-बायकोचा, नाहीतर दोघी बहिणींचा मिळून एकच दगड असायचा. पहिलं माणूस गेलं की मागे राहिलेल्याचंही नाव आणि जन्मसाल कोरून टाकायचं, आणि त्यापुढे मृत्यूच्या सालातले पहिले दोन आकडेही: १९. कारखान्यात दगड टेबलावर आडवा असतो. दफनभूमीत तो उभा, आणि कोरणारा चिखलात गुडघ्यांवर. तिथे जितकं काम कमी तितकं बरं. मामी गेली तेव्हा मामाने तिच्या नावाखाली स्वतःचंही असंच कोरलं. "उरलेले दोन तू घाल," असं मला म्हणाला. मी आधी त्याला चांगलं झापलं आणि मग रडले.

नव्याण्णव सालच्या सप्टेंबरात त्याला चार पायऱ्या चढल्या की धाप लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयाची झडप खराब झाली आहे, ऑपरेशन करून बदलता येईल, पण वर्ष संपायच्या आत करा. मामा घरी आला आणि ऑपरेशन करणार नाही म्हणून मोकळा झाला.

"आपले दिवस देवाने आधीच मोजून ठेवलेत," तो म्हणाला. "त्याला ठाऊक आहे ते चुकत नाही. आणि माझं तर कोरलेलंच आहे. एकोणीस. राहिले तीन महिने. काळ्या दगडावरची रेघ."

"ती रेघ तूच मारलीस. देवाच्या नावावर कशाला खपवतोस?"

"माझ्या हातून त्यानेच मारवून घेतली असेल."

मी कपाळाला हात लावला आणि चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. ते आले, दगडाच्या ढिगावर रुमाल अंथरून बसले आणि म्हणाले, "मामा, दगडाची शीर बघून तो कुठे फुटणार हे तुम्हाला आधी कळतं ना? पण तुम्हाला कळलं म्हणून काही तो फुटत नाही. देवाला ठाऊक असणं वेगळं आणि त्याने करायला लावणं वेगळं."

मामाने जरा विचार केला. "दगडाला मन नसतं, साहेब. तो शिरेवरच फुटणार. माणूसही तसाच म्हणायचा का?"

पाळकसाहेब प्रामाणिक माणूस. "अडवलंत मला," म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. शतकानुशतकं मोठमोठी डोकी ज्यावर भांडली, ते आमच्याकडे एका चहात मिटणार नाही हे मलाही कळत होतं. पण मला मामा हवा होता. आई-बाबांच्या मागे मला त्यानेच वाढवलं, आणि आता हा माणूस हातावर हात ठेवून जायला निघाला होता. मला भयंकर राग आला होता.

ऑक्टोबरात बाई आल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, काठी टेकत. त्यांनी मामाला चौथीत शिकवलं होतं. त्यांना पाहताच तो धापा टाकत उभा राहिला.

"माझ्या दगडावर एकोणीस कुणी कोरलं रे?"

"मीच, बाई. तुमची बहीण गेली तेव्हा."

"मला विचारलं होतंस? मार्चमध्ये तिच्या नातीला मूल व्हायचंय. ते बघायला मी राहणार आहे. खोडून दे ते."

"बाई, वेळ देवाच्या हातात असते."

"त्याच्या हातात ना? मग तू कशाला कोरलीस?" बाईंनी काठी आपटली. "वर्गात पहिल्या आठवड्यातच मला कळायचं, कोण पास होणार आणि कोण नापास. म्हणून मी तेव्हाच निकाल भरून मोकळी झाले का? पेपर तुमचा तुम्हाला लिहू दिला. माझा अंदाज कधी चुकायचाही, देवाचा चुकत नसेल. पण पेपर त्यानेही आपल्याच हातात दिलाय. आणि तू कोरा पेपर ठेवून घरी निघालास. चौथीतही गणिताला हेच केलं होतंस!"

"ऑपरेशनचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामाने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने पट्टी शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन दफनभूमीत गेला. दर दहा पावलांवर थांबत, दम खात, आम्ही प्रत्येक दगड पाहिला. जिवंत माणसांच्या नावापुढे एकोणीस कोरलेले अकरा दगड निघाले. त्यात एक तर रोज सकाळी पोहायला जाणारा सुतार होता. मामा मामीच्या दगडाशी आला, खाली बसला आणि स्वतःच्या नावाकडे बघत राहिला.

"अकरा माणसं मी मारून ठेवली," तो म्हणाला. "आणि बारावा हा." त्याचे डोळे भरून आले होते. मग नाक पुसून म्हणाला, "आकड्यांभोवतीचा दगड घासून खाली न्यावा लागेल. बारा म्हणजे दोन वर्षं तरी जातील. या असल्या दमात कसं व्हायचं? डॉक्टरीणबाईंना विचार, कधी बोलावतात."

मी तिथेच त्याच्या गळ्यात पडले.

दवाखान्यात संमतीच्या कागदावर त्याने सही केली तेव्हा पाळकसाहेब शेजारी होते. त्यांना राहवलं नाही. "मामा, तुम्ही सही करणार हे देवाला आधीच ठाऊक होतं."

"मग आधी सांगायचं नाही का त्याने?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही हट्टाने केली नसती."

मामा इतका हसला की नर्सने येऊन दटावलं.

बाईंनी मार्चमध्ये बाळ पाहिलं, आणि नाव ठेवण्यावरून सगळ्यांशी भांडल्याही. मामाने त्यांचा दगड सर्वात आधी घासला, स्वतःचा सर्वात शेवटी. त्यानंतर आमच्या कारखान्यातून आधी कोरलेला एकही आकडा बाहेर गेला नाही.

मामा दोन हजार नऊ साली गेला. त्याच्या नावापुढे तो घासलेला, गुळगुळीत खळगा रिकामाच होता. मी चिखलात गुडघे टेकले आणि त्यात साल कोरलं. चारही आकडे.