शीव न चालता उठवलेला अंगठा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सोलापूरजवळच्या अभयारण्याच्या नकाशाखाली एका धनगर म्हाताऱ्याच्या नावापुढे जो अंगठा आहे, तो माझा आहे.

मी तिथल्या कचेरीत कारकून. त्या माळावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या चारणारे धनगर आणि सरकार, दोघांनी मिळून अभयारण्य चालवायचं, असं वरून ठरलं. संयुक्त समिती झाली. संयुक्त म्हणजे साहेब खुर्चीत, धनगर सतरंजीवर, आणि बिस्किटांची बशी साहेबांपुढे.

नकाशा उलगडला तेव्हा त्यांच्यातला थोरला म्हातारा म्हणाला, "कागुद कशाला दावता? आदी शीव चालू या की. माजा पाणवठा कुंपणाच्या आत जातूय का भाईर ऱ्हातूय, ते पायाला कळंल. मग अंगठा." त्यांची रीतच ती. हद्द चालल्याशिवाय शब्द द्यायचा नाही.

साहेब हसले. "आजोबा, उन्हात मला मारताय व्हय?"

चालायचं राहिलंच. फाइल संध्याकाळच्या आत जायची होती. साहेब मला म्हणाले, "बघा तुम्ही." एवढंच. अशा बाबतीत माझी बुद्धी फार तल्लख. डावा अंगठा पॅडवर टेकवला, कागदावर दाबला. मग साबणानं हात धुतला, भवानी पेठेतल्या घरी आलो आणि पोटभर जेवलो.

तारेचं कुंपण आलं. पाणवठा आत गेला. म्हातारा कचेरीत आला, तर साहेबांनी त्याला अंगठा दाखवला. त्यानं आपला अंगठा कागदाशेजारी धरला. लोकर कातरताना कातर लागून मधोमध जुनी चीर पडलेली. कागदावरचा मात्र गुळगुळीत, कारकुनी.

"ह्यो माजा न्हाय, सायेब."

"शाई लागली की सगळे अंगठे सारखेच, आजोबा."

मी हसलो. साहेबांपेक्षा मोठ्यानं.

जाताना म्हातारा माझ्या टेबलापाशी थांबला. "तुमचं हात लई मऊ हायती, भाऊसाहेब."

आता फाटकावरच्या बोर्डावर त्याचाच फोटो आहे. पिवळा फेटा, खाली 'आमचे भागीदार'. कॅमेरेवाले पर्यटक त्याच्याशेजारी सेल्फी काढतात. खरा म्हातारा मेंढ्या घेऊन दोन कोस लांब पाण्याला जातो. साहेबांना बढती मिळाली. मी तिथंच आहे, दर सोमवारी तो बोर्ड पुसून घेतो.

तो अंगठा माझा होता, हे समितीपुढे उभं राहून सांगणं आणि पाणवठ्यापर्यंतची शीव त्याच्याबरोबर चालणं, एवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.