चुलीवरची भाकर

त्याचं नाव मला ठाऊक न्हाई. जेवायच्या आधी पाहुण्याला नाव विचारायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत. आणि जेवला की तो लगेच झोपायचा. नाणेघाट बघायला दरसाल यायचा अन् घाटघर गावात आमच्याकडंच फुकट उतरायचा. पैसे दिले असते तरी मी घेतले नसते. ओसरीवर मांडी घालून भाकर दोन्ही हातांनी मोडायचा, वास घ्यायचा, मग डोळे मिटून खायचा. मला लई अभिमान वाटायचा.

एका साली तो आला तेव्हा घरात गॅस आला होता. धुरानं बायकोला दमा जडला होता, डॉक्टरनं चूल बंद करायला सांगितली होती. हे मी त्याला सांगितलं. त्यानं एक घास खाल्ला अन् ताट सरकवलं.

"चव गेली, बाबा. त्यासाठीच तर येतो आम्ही."

पाहुणा उपाशी उठतोय हे मला सोसंना. "पेटव गं चूल," मी म्हणालो.

"पेटवते की. पावणं तुमचं, खोकला माझा," ती म्हणाली.

तो तीन भाकरी जेवला. आत ती खोकत होती. त्याला बोल लावायला मी मोकळा न्हाई. "आता कसं," तो म्हणाला, तेव्हा मीच मान डोलावली, अन् ते तिनं दारातून बघितलं.