सिस्टरचं सातवं बेट

मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढल्यावर तिचं खरं नाव जवळजवळ पुसलंच गेलं होतं. वॉर्डात ती सिस्टर, गल्लीत सिस्टर, आणि नवरा लाडात आला की तोसुद्धा म्हणायचा, "काय सिस्टर, चहा मिळेल का?"

नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एकदा कुणीतरी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम तिथे दुरुस्तीला टाकून गेलं, ते परत फिरकलंच नाही. वर्षभर वाट बघून नवऱ्याने तो लेकीसाठी घरी आणला. लेकीने दोन दिवस खेळून तो बाजूला सारला. नाद लागला तो सिस्टरला.

गेममध्ये एक बुटका पोरगा होता, लाल टोपीचा, हातात कंदील. हरवलेल्या बहिणीला शोधत तो सात बेटं पालथी घालायचा. सिस्टरने त्याचं नाव टिल्लू ठेवलं. सकाळची ड्युटी संपवून ती घरी यायची, चार घास खायची आणि लेक शाळेतून येईपर्यंत टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायची. कॅसेट चालेना की काढून फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. टिल्लू मेला की सगळं पहिल्या बेटापासून. म्हणून मग तिने वाटा लिहून ठेवायला सुरुवात केली. वॉर्डातले तापाचे जुने तक्ते रद्दीत जायचे; त्यांच्या चौकटींवर ती पेन्सिलीने नकाशे काढायची. कुठे वळायचं, कुठे उडी मारायची, कुठे खेकडा टपून बसलाय.

त्याच सुमारास सहा नंबरच्या खाटेवर एक आठ वर्षांची मुलगी आली. मांडीचं हाड मोडलेलं, पाय वजनं लावून टांगलेला. असे दोन महिने काढायचे होते. पोरीने सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. जेवण नको, इंजेक्शन नको, कुणी जवळ आलेलं नको. एक दिवस सिस्टर तिला स्पंजिंग करता करता सहज म्हणाली, "काल आमचा टिल्लू दुसऱ्या बेटावर बुडाला बघ."

पोरगी रडायची थांबली. "कोण टिल्लू?"

झालं! रोज सकाळी सिस्टर आत पाऊल टाकते न टाकते तोच सहा नंबरवरून आवाज यायचा, "आज कुठे पोचला?" हळूहळू अख्खा वॉर्ड कान टवकारून ऐकायला लागला. चार नंबरचा मुलगा औषध घेण्याआधी अट घालायचा, "आधी खेकड्याचं सांगा." मोठे डॉक्टर एकदा राउंडला आले आणि गोष्ट संपेपर्यंत दारातच उभे राहिले.

सहावं बेट सर झालं. सातवं काही केल्या होईना. तिथे एक दगडी दार होतं, दारावर राखणदार. त्याच्यापुढे टिल्लूची डाळ शिजत नव्हती. इकडे पोरीच्या घरी जायचा दिवस ठरला. शेवटचे आठ दिवस सिस्टरने जेवणसुद्धा टीव्हीसमोर केलं. बोटांना घट्टे पडले, पण दार उघडलं नाही.

निघायच्या दिवशी पोरगी कुबड्या घेऊन सिस्टरच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सापडली का बहीण?"

सिस्टरच्या तोंडून निघून गेलं, "सापडली ना! सातव्या बेटावर दीपगृह होतं. बहीण रोज त्यात दिवा लावून बसायची. त्या उजेडावरच तर हा एवढे समुद्र तरून आला."

"म्हणजे ती हरवलीच नव्हती?"

"छे! रस्ता टिल्लूच चुकत होता."

पोरगी खुदकन हसली आणि कुबड्या टेकत आईबरोबर गेली. सिस्टरने वेळ मारून नेली खरी, पण ती थाप तिला आतून टोचत राहिली. पोराबाळांशी खोटं बोलायचं नाही, इंजेक्शन दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगायचं, हा तिचा बाणा. पुढे वर्षभरात तो गेमच जळाला. आतले सुटे भाग मिळेनात. दार बंद ते बंदच राहिलं.

सिस्टर रिटायर झाली, नात शाळेत जायला लागली, आणि एके दिवशी तीच नात नाचत आली, "आजी, तुझ्या टिल्लूचा पिक्चर आलाय!"

रविवारी दोघी दुपारच्या खेळाला गेल्या. कॉम्प्युटरवर केलेला तो पिक्चर म्हणजे डोळ्यांचं पारणं फिटावं असा. टोपीच्या लोकरीचा धागा न् धागा दिसत होता. पण टिल्लू बोलत होता, आणि फारच बोलत होता. सिस्टरला तो कुणा श्रीमंत नातेवाइकासारखा वाटला. ओळखीचा, तरी परका. मग तिसऱ्या बेटावरची गुहा आली. टिल्लू उजवीकडे वळला आणि सिस्टर भर थिएटरात ओरडली, "अरे मेल्या, डावीकडे!" पुढच्या रांगेतला एक टक्कलवाला गर्रकन वळला आणि म्हणाला, "हो ना! मीही तेच म्हणतोय."

शेवटी दगडी दार फुटलं. बहिणीचा दगड झाला होता. कंदिलाच्या उजेडाने ती जिवंत झाली, सगळे नाचले. नातीने डोळे पुसले. बाहेर पडताना तिने विचारलं, "गेममध्येपण असंच होतं ना गं?"

सिस्टर पायरीवरच थबकली. हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. "मला नाही माहीत, बाळा," ती म्हणाली. "मी तिथवर कधी पोचलेच नाही." आणि मग तिने सहा नंबरच्या मुलीची सगळी हकीकत सांगितली, दीपगृहासकट.

नातीने क्षणभर विचार केला. "तुझी बहीण जास्त कामाची आहे. पिक्चरमधली नुसती उभी होती."

सिस्टरला इतकं हसू आलं की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखं झालं.

घरी आल्यावर तिने नवऱ्यालाही सांगून टाकलं. त्याने चष्मा काढला. "म्हणजे तू जिंकलीच नाहीस? अगं, मी दुकानात शेकडो लोकांना सांगितलंय, आमच्या हिने सातही बेटं मारली म्हणून!"

"मग आता सांगा खरं काय ते."

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन दुकानात गेली. पिक्चर पाहून आलेलं एक गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं होतं आणि नवरा भिंग डोळ्याला लावून, घड्याळात मान घालून सांगत होता, "पिक्चरचं काय घेऊन बसलात? सातवं बेट आमच्या घरी केव्हाच झालंय." सिस्टरने काउंटरवर डबा ठेवला आणि ती म्हणाली, "गरम आहे तोवर खाऊन घ्या."